निरंक

मंगरूळच्या स्टँडामागं
दहाचं कोर्ट फी तिकीट बाराला मिळतं.
जोडपत्र अ. अर्जदार : केवळा गुलाबसिंग सोळंके.
पत्त्यापाशी पेन थांबलं.
वस्ती लिहू, की बेडा?
"बेडाच लिही," स्टॅम्पवाला म्हणाला,
"पोस्टमनले तेच समजते."

माहितीचा तपशील :
फाट्यावरच्या खांबावर कॅमेरा बसवला,
त्याचं तोंड जिनिंगकडं का नाही,
एटीएमकडं का नाही,
आमच्या न्हाणीकडंच का?
हे सगळं खोडलं.
या कायद्यात 'का' विचारता येत नाही,
कागद तेवढा मागता येतो.
मग सुधारून लिहिलं.
एक, कॅमेऱ्याची दिशा ठरवल्याचा कागद.
दोन, चित्रं किती दिवस ठेवता त्याचा नियम.
तीन, कोण बघतं, त्याचं नाव, हुद्दा.
चार, चेहरे ओळखायचं यंत्र घेतलं असेल
तर त्याचं बिल.

ठाण्यातल्या हवालदारबाईंनी आधी अर्ज वाचला,
मग मला.
"काहून व, चोरी नाही, त भेव कायचं?"
मी म्हटलं, पोच द्या.
शिक्का वाळलेला. त्यांनी त्यावर हा केलं,
तरी तारीख अर्धीच उठली.

तोवर आईनं न्हाणीपुढं
तिचं हिरवं लुगडं खिळ्यांनी ठोकलं होतं.
वारा आला की ते फुगायचं, पडायचं,
आणि अंगावर पाणी घेताना मला
आपला तांब्या फार वाजतो असं वाटायचं.

तीस दिवस. एकतीस.
तुरीला शेंगा धरल्या.
चाळिसाव्या दिवशी पत्र :
पाने सेहेचाळीस, दर दोन रुपये,
ब्याण्णव भरून घेऊन जाणे.

मुद्दा दोन : निरंक.
मुद्दा तीन : कलम आठ, एक, छ. कुणाच्या तरी जिवाला धोका.
मुद्दा चार : निरंक.
मुद्दा एक : सोबत जोडले आहे.

जोडली होती निगराणी वही.
झेरॉक्सची झेरॉक्स, कडेला कुणाच्या तरी अंगठ्याची सावली.
कारकुनानं आळसानं सगळीच घातली असावी,
पहिल्या पानापासून.
त्यात माझा बाप, वय एक्केचाळीस,
'हालचालीवर लक्ष.'
रेशनकार्डातून त्याचं नाव महिन्याभरात उडालं होतं.
इथं सहा वर्षं झाली तरी
तो एक्केचाळीसचाच,
अजून हालचाल करतो.

शेवटची दोन पानं मोडीत.
निवृत्त तलाठी सरोदे भिंग घेऊन बसले,
चहा निवला, पुन्हा गरम झाला,
मग बोट ठेवून म्हणाले, लिही :
भुऱ्या वल्द टिक्या, जात पारधी,
रात्री हजर.
सन एकोणीसशे अडतीस.

माझ्या बापाचा आजा.

अमरावतीच्या पडताळणी समितीनं
तीनदा विचारलं होतं मला,
पन्नासच्या आधीचा पुरावा?
शाळेचा दाखला, सातबारा, काहीही?
नर्सिंगची जागा त्या 'काहीही'त गेली.
पाल उचलून फिरणारी माणसं
कागद कुठल्या पेटीत ठेवणार?
पेटी होती. ठाण्यात होती.
आमच्यातलं कुणी विसरलं असेल भुऱ्याला,
त्यांनी एक रात्र चुकवली नाही.

त्याच ठाण्यातून 'खरी नक्कल'चा शिक्का घेतला.
या वेळी शाई भरपूर होती.
एक पाकीट समितीला.
दुसरं प्रथम अपील, वीसचं तिकीट :
मुद्दे दोन, तीन, चार यांची माहिती मिळाली नाही.
मुद्दा एकची मिळाली.
समाधान झाले आहे काय? होय, नाही.
नको ते खोडा, असं खाली छापलेलं.

बराच वेळ खोडता आलं नाही.

"बुढा काय म्हणते वहीत?" आईनं विचारलं.
रात्री हजर, मी म्हटलं.
"त कोठी जाईन," ती म्हणाली,
आणि लुगड्याचा एक खिळा निघाला होता,
तो दगडानं परत ठोकला.